‘तुझी प्रेरणा कोण?’ : चित्रकला शिकणाऱ्यांची चार पत्रे

या सदराकडे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची पत्रे एरवी एखाद-दुसरीच येतात. या वेळी मात्र महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शने आणि सबमिशन आटोपताच पुण्यातून लागोपाठ अशी पत्रे आली, म्हणून या अंकातील जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. लेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत आणि पत्रे थोडी आटोपती घेतली आहेत. उत्तरे देणारा मनुष्य तीसेक वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेला आहे. त्यामुळे मध्येच शिक्षकी सूर लागला तर तो सवयीचा दोष समजावा.

प्रश्न : आदरणीय सर, मी पुण्यात बी.एफ.ए.च्या चित्रकला विभागात तिसऱ्या वर्षाला आहे. मूळ गाव फलटण. प्रत्येक ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर कामे मांडताना, मला ‘तुझी प्रेरणा कोण?’ असे विचारले जाते. मी व्हॅन गॉग, अमृता शेर-गिल आणि गायतोंडे अशी नावे सांगते. पण ती सांगताना आपण खोटे बोलत आहोत असे वाटते, कारण व्हॅन गॉगचे एकही मूळ चित्र मी पाहिलेले नाही. वर्गातील बहुतेकांची शैली ठरली आहे, माझी मात्र दर दोन महिन्यांनी बदलते. (आमचे घर म्हणजे पुढे वडिलांचे शिलाईचे दुकान आणि मागे दोन खोल्या. त्यांच्या कापडावरच्या खडूच्या रेघा मी लहानपणापासून पाहत आले आहे, पण ते काही चित्रकलेत मोडत नाही.) पदवीनंतर बडोद्याला पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे. शैलीच नसलेल्या विद्यार्थिनीला तेथे प्रवेश मिळेल का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाचा मजकूर तुम्ही कंसात घातला आहे आणि त्याच्या शेवटी ‘ते काही चित्रकलेत मोडत नाही’ असा निकालही देऊन टाकला आहे. तो निकाल सध्या बाजूला ठेवू आणि आधी ज्युरीच्या प्रश्नाकडे पाहू. प्रश्न वाईट नाही, पण ज्या पद्धतीने तो विचारला जातो त्यामुळे विद्यार्थी नावे पाठ करू लागतात. ‘कोण?’ असे विचारले की उत्तरात माणसाचे नाव येते, आणि नाव जितके मोठे तितके विचारणाऱ्याचे समाधान लवकर होते. त्याऐवजी ‘त्या चित्रकाराने हे कसे केले?’ असे स्वतःला विचारून पाहा.

गायतोंड्यांचेच घ्या. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या आणि १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेतलेल्या या चित्रकाराबद्दल बोलताना मौन, ध्यान, अवकाश असे शब्द सर्रास वापरले जातात, आणि विद्यार्थीही तेच शब्द उचलून आपल्या टिपणात लिहितात. पण कॅनव्हाससमोर उभे राहिल्यावर ते हाताने काय करीत होते? रोलरने रंगाचे थर चढवीत होते, पॅलेट नाइफने ते खरवडीत होते, कागदाचे फाडलेले तुकडे रंगावर दाबून उचलीत होते आणि कागदाने मागे सोडलेला आकार चित्रात राहू देत होते. आता तुमच्या वडिलांचे टेबल आठवा. कापडावर कागदाचा साचा ठेवायचा, त्याच्या कडेने खडू फिरवायचा, कागद उचलायचा आणि उरलेल्या रेघेवरून कात्री चालवायची. हे साम्य मी थोडे ओढूनताणून आणले आहे, हे कबूल करतो. तरीही गायतोंड्यांच्या ध्यानाबद्दल चार वाक्ये बोलण्यापेक्षा त्यांच्या कागदाबद्दल तुम्हाला अधिक खरे बोलता येईल, कारण साच्याचा कागद उचलल्यावर काय दिसते हे तुम्ही हजार वेळा पाहिले आहे.

व्हॅन गॉगचे मूळ चित्र न पाहिल्याची खंत रास्त आहे. छापील चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर रंगाची जाडी कळत नाही आणि आकारमानाचा तर अंदाजच येत नाही. त्यामुळे जी चित्रे बस किंवा लोकल गाडीने गाठता येतात ती आधी पाहावीत. मुंबईची एक फेरी तुम्हाला वर्षभराच्या स्क्रोलिंगपेक्षा अधिक देईल.

शैली दर दोन महिन्यांनी बदलते याची तुम्हाला लाज वाटते आहे, असे पत्रातून दिसते. तुम्हीच नाव घेतलेल्या अमृता शेर-गिल यांनी पॅरिसमध्ये रीतसर शिक्षण घेतले होते, त्यांच्या चित्रांचे तेथे कौतुकही झाले होते आणि ‘शैली ठरली’ असे म्हणता येईल इतकी पकड त्यांच्या हातात होती. १९३४ मध्ये त्या भारतात परतल्या, १९३६ च्या अखेरीस त्यांनी अजिंठ्याची लेणी पाहिली, पुढे दक्षिणेत प्रवास केला आणि १९३७ मधील त्यांची चित्रे पाहिली तर रंग, माणसांची ठेवण, चित्रातील जागेचा विचार असे सारेच बदललेले दिसते. १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या गेल्या. एवढ्या थोड्या आयुष्यातही त्यांनी हाताला बसलेली एक रीत मोडली. तिसऱ्या वर्षातच ज्यांची शैली ‘ठरली’ आहे अशा तुमच्या वर्गमित्रांविषयी मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. बहुतेक वेळा ती शैली नसते, चांगले गुण मिळालेले एखादे चित्र पुन्हा पुन्हा काढण्याची सोय असते.

आता कंसातील दुकानाकडे येऊ. तुमच्या वर्गात लाइफ ड्रॉइंगच्या तासाला समोर मॉडेल बसते आणि तुम्ही डोळ्यांनी शरीर मोजता. तुमचे वडील तेच शरीर टेपने मोजतात आणि वहीत छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही असे आकडे लिहून ठेवतात. पुढे त्या आकड्यांवरून ते शरीर कागदावर सपाट उलगडतात : पाठ वेगळी, पुढचे दोन भाग वेगळे, बाही वेगळी आणि तिच्या माथ्याला तो विशिष्ट बाक, जो मुंढ्याच्या गोलाईत बरोबर बसला पाहिजे, नाहीतर खांद्यावर चुण्या पडतात. भोवताली फिरणारे शरीर सपाट पृष्ठभागावर कसे आणावे, हा प्रश्न चित्रकारांनी शतकानुशतके सोडवला आहे आणि तुमच्या घरात तो रोज सकाळी दहाला सोडवला जातो. ग्राहकांच्या मापांची ती वही मला तर चेहऱ्यांवाचून केलेल्या व्यक्तिचित्रांचा संग्रह वाटते. त्या वहीत गावातील कितीतरी माणसे केवळ आकड्यांच्या रूपाने उभी असतील, आणि त्यांतली काही आता हयातही नसतील. अर्थात हे माझे पाहणे झाले. ते उचलून तुम्ही चित्र केलेत तर तुमच्या प्रेरणांच्या यादीत आणखी एका परक्या माणसाची भर पडेल, इतकेच.

त्यापेक्षा सुट्टीत घरी गेल्यावर दोन आठवडे दुकानात बसा आणि केवळ खडूने, तोही दुकानातल्या चपट्या खडूने, गडद कागदावर रेखाटने करा. कागदावर दातेरी चाक फिरवून उमटवलेल्या टिंबांची रेघ, उसवलेल्या शिवणीखाली राहिलेला मूळ रंग, बेतताना उरलेल्या चिंध्यांचे आकार यांकडे पाहा. जुने साचे टाकून दिलेले असतील तर ते मागून आणा. प्रिंटमेकिंगच्या तासाला त्यांवर शाई फिरवून ठसे घेता येतील. वडील काम करीत असताना प्रश्न विचारत राहा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. चित्रांना नावे देताना ते उपयोगी पडतील, आणि ज्युरीत बोलतानाही.

कारागिराच्या घरातून चित्राकडे येण्याची वाट पुण्याला नवी नाही. तुमच्या खोलीपासून शनिवारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १७९० च्या दशकात पेशवे दरबारातील इंग्रजांचा वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्या सूचनेवरून सवाई माधवराव पेशव्यांनी तेथे चित्रविद्येची एक शाळा सुरू केली होती आणि जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या काळात पुण्यात काम करीत होता. त्या वर्तुळातला एक पुणेकर म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. घराण्याचा मूळ धंदा कोणता असावा हे आडनावच सांगते. या गंगारामाने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. त्याची कामे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत व त्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. तो गेंडा अवश्य पाहा. न पाहिलेल्या प्राण्याविषयीच्या ऐकीव कल्पना बाजूला ठेवून समोरचे जनावर निरखणाऱ्या माणसाची ती रेघ आहे. आणि ते चित्र पाहून झाल्यावर कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक चक्कर मारा. भांड्यावर मठारकाम करताना एकाशेजारी एक ठोके कसे पडतात ते पाहिलेत, तर पोताचा विषय वर्गात निराळा शिकवावा लागणार नाही.

राहिला बडोद्याचा प्रश्न. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० मध्ये सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे यांनी तेथील चित्रकला विभाग घडवला, आणि कलेचा इतिहास व प्रत्यक्ष काम एकमेकांजवळ ठेवण्याचा त्या संस्थेचा लौकिक आहे. अशा ठिकाणी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांचा संच, पाहणारी माणसे एकसारखी वीस चित्रे पाहून खूश होतात हा विद्यार्थ्यांमधील गैरसमज आहे. एका विषयाचा पाठलाग दिसेल अशी आठ-दहा कामे आणि त्यामागची भरलेली स्केचबुके न्या. स्केचबुकातील फसलेली पाने फाडू नका, कारण मुलाखतीत बोलण्यासारखे बहुधा तेथेच सापडते. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचाही विचार करून ठेवा. १९१९ पासूनच्या या संस्थेत हस्तकलेला चित्रकलेची धाकटी बहीण मानण्याची रीत नाही, आणि तुमच्या कंसातल्या दुकानाला ती जागा कदाचित अधिक मानवेल.

प्रश्न : सर, मी प्रथम वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात मन रमते, पण कलेच्या इतिहासाचा पेपर आला की घशाला कोरड पडते. सनावळ्या आणि राजवटी पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो. या विषयाचा चित्र काढण्याशी संबंध काय, हे कोणी नीट सांगत नाही.
— एक विद्यार्थी, कोथरूड, पुणे

उत्तर : चूक तुमच्या स्मरणशक्तीची नाही. पाठ केलेले विसरतेच. काढलेले सहसा विसरत नाही. इतिहासाचा अभ्यास वही-पेन्सिल घेऊन करावयाचा असतो आणि त्यासाठी पुण्यासारखे सोयीचे गाव दुसरे नसेल.

पहिल्या रविवारी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात जा. आठव्या शतकातील राष्ट्रकूटकालीन हे लेणे अर्धवट राहिलेले आहे, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तेच त्याचे भाग्य. पूर्ण झालेल्या कामात छिन्नीचा माग पुसला जातो, अपुऱ्या कामात तो तसाच राहतो. अंगणातील गोल नंदीमंडप तीन बाजूंनी काढून पाहा. समोरून सोपा वाटणारा तो आकार कोपऱ्यातून काढताना लंबवर्तुळाची परीक्षा घेतो. पर्स्पेक्टिव्हच्या तासाला कंटाळलेली मुले मी तेथे तासन्‌तास बसलेली पाहिली आहेत.

त्यानंतर लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले आहे, व ही दोन्ही लेणी एका दिवसात पाहून होतात. आधी भाजे पाहावे, कारण ते जुने आहे. तेथील चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, खांब किंचित आत झुकलेले आहेत. दगडाच्या खांबाला झुकण्याची काही गरज नाही. लाकडी इमारतीत छताचा भार पेलताना खांब तिरपे ठेवावे लागत आणि शिल्पकारांच्या हाताला तीच सवय होती, म्हणून त्यांनी दगडातही लाकूडच कोरले. मग कार्ल्याला या. येथील सदतीस खांबांपैकी दोन्ही बाजूंचे प्रत्येकी पंधरा बहुतांशी घटाकार तळ आणि वर हत्तींवर बसलेल्या जोड्या असे नटलेले आहेत, तर स्तूपामागचे सात अगदी साधे, अष्टकोनी आणि तळ-माथ्यावाचूनचे आहेत. ते साधे का ठेवले असतील याचा विचार खांब काढता काढता आपोआप सुरू होतो. छताला असलेल्या लाकडी कमानी मूळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, हे मान वर करून पाहताना पुस्तकातील तारखेला एकदम वजन येते. दगड लाकडाची नक्कल करीत असताना त्याच्या डोक्यावर खरे लाकूडही बसवलेले आहे, ही गंमत तर कोणत्याही गाइडमध्ये नीट सांगितलेली नसते.

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी एक दिवस पुरणार नाही. दि. गं. केळकर यांनी हयातभर जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. संग्रहालयाला त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलाचे नाव आहे. तेथे सगळे पाहण्याचा हट्ट धरू नका. एका भेटीत फक्त अडकित्ते, दुसऱ्या भेटीत फक्त दिवे असे ठेवा. एकाच उपयोगाच्या वस्तूला माणसांनी किती आकार दिले हे एका पानावर ओळीने काढले, की ‘आकार आणि उपयोग’ या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत स्वतःच्या शब्दांत लिहिता येते. घोड्याची शरीररचना शिकायची असेल तर शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील, वि. पां. करमरकर यांनी घडवलेला आणि १९२८ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहा. रीतसर परवानगी मात्र काढून जा.

सनावळ्या यानंतर पाठ करा. त्या ठेवण्यासाठी डोक्यात खुंट्या तयार झालेल्या असतील.

प्रश्न : महोदय, माझी मुलगी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षात आहे. ती हुशार आहे, मेहनती आहे. परंतु ‘पुढे काय?’ असे विचारले की ‘पेंटिंग करणार’ एवढेच सांगते. मी खासगी कंपनीत नोकरी करतो व चार वर्षांत निवृत्त होईन. चित्रे विकून घर चालते का, हे कृपया स्पष्ट सांगावे. आम्ही तिच्या विरोधात नाही.
— एक पालक, हडपसर, पुणे

उत्तर : आपण स्पष्ट विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो : शिक्षण संपल्यानंतरची पहिली काही वर्षे केवळ चित्रविक्रीवर बहुतेकांचे घर चालत नाही. प्रदर्शन भरवायचे तर दालनाचे भाडे, फ्रेमिंग, वाहतूक आणि निमंत्रणपत्रिका यांचा खर्च आधी होतो आणि चित्र विकले जाईल याची हमी कोणी देत नाही. तिला हे ठाऊक असणार. ‘पेंटिंग करणार’ हे तिचे उत्तर खोटे नाही, फक्त ते अर्धे आहे. उरलेले अर्धे, म्हणजे चित्र चालू राहावे म्हणून उदरनिर्वाहासाठी काय करणार, हे ती आपल्याशी बोलायला कचरत असावी, कारण ते बोलले की ‘मग तेच पूर्ण वेळ कर’ असे घरून ऐकावे लागेल अशी भीती या मुलांना असते.

मोठ्या चित्रकारांनीही ही दुसरी बाजू सांभाळलेली आहे. म. फि. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली. प्रभाकर बरवे यांनी सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षे त्या नोकरीपायी ते बनारसला होते. त्या काळात तांत्रिक चित्रपरंपरेचा जो परिचय झाला त्याने त्यांच्या चित्रांना वळण लावले. नोकरीने त्यांचे चित्र बुडवले नाही. मी स्वतः उमेदीच्या काळात गणेशोत्सवातल्या एका देखाव्याचे काम ‘हे कलेचे काम नव्हे’ म्हणून नाकारले होते. पुढच्या वर्षी पैशांची निकड लागली तेव्हा तेच काम स्वीकारले आणि वीस फुटी पडद्यावर ब्रश धरायचा तर मनगट नव्हे, खांदा फिरवावा लागतो, हे मांडवात शिकलो. महाविद्यालयात तेवढा मोठा पृष्ठभाग कोणी दिला नव्हता.

पुण्यात राहून तिच्यासमोर असलेल्या वाटांपैकी मला सर्वांत दुर्लक्षित वाटते ती चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील कला दिग्दर्शनाची. चित्रकलेच्या पदवीधरांना तेथील प्रवेश परीक्षेला बसता येते. ही वाटही पुण्याच्या मातीतली आहे. ज्या जागेवर १९६० मध्ये ही संस्था उभी राहिली तो प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि तिच्या संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल हे दोघेही चित्रकार-चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली पडदे रंगवीत, नेपथ्य उभारीत तयार झालेले होते. आज मालिका, नाटक, जाहिरातपट आणि संग्रहालयांची मांडणी या सर्व ठिकाणी नेपथ्याची जाण असलेला चित्रकार लागतो. त्या कामात वेळा विचित्र असतात आणि पैसे कधी कधी उशिरा मिळतात, हेही सांगून ठेवतो.

शिकवण्याकडे कल असेल तर शालेय कलाशिक्षकासाठी कला शिक्षणाची पदविका आणि महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवीनंतर दृश्यकला विषयातील नेट परीक्षा, असा रस्ता आहे. डिझाइनकडे वळावयाचे तर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी घेता येते, तेथे मात्र चित्राचे कौशल्य एकटे पुरत नाही, प्रश्न उलगडण्याची सवय लागते. जुन्या चित्रांचे संवर्धन हे चिकाटीचे आणि रसायनशास्त्राला न घाबरणाऱ्यांचे क्षेत्र आहे. खेरीज केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ या वयोगटासाठी आहे. ती दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये अशी असते व दृश्यकलाही तीत येते. रक्कम मोठी नाही, पण रंग आणि कॅनव्हासचा खर्च भागतो, आणि अर्ज करताना स्वतःच्या कामाविषयी विचार करावा लागतो त्याचाही उपयोग होतो. अटी व मुदती मंत्रालयाच्या जाहिरातीत पाहून घ्याव्यात.

आपण तिला एक गोष्ट देऊ शकाल, ती म्हणजे मुदत. ‘दोन वर्षे घरात राहा, खाण्यापिण्याची चिंता करू नको, रंगांचे पैसे मात्र स्वतः मिळव’ असे एकदा बसून ठरवा आणि ठरल्यावर दर रविवारी विचारू नका. शक्य असेल तर घरातील एक भिंत तिला द्या, जिच्यावर खिळे ठोकलेले आणि रंगाचे डाग पडलेले चालतील. भाड्याच्या घरात हे अवघड आहे, हे जाणतो.

प्रश्न : सर, मी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलमधल्या फोटोवरून स्केच केले तर शिक्षक रागावतात. दुसरीकडे एआय काही सेकंदांत पोस्टर तयार करते. मग आम्ही हाताने शिकून करायचे काय?
— एक विद्यार्थी, पाषाण, पुणे

उत्तर : फोटोचा आधार घेणे पाप नाही. राजा रविवर्मादेखील छायाचित्रांची मदत घेत असत. परंतु कॅमेरा एका डोळ्याने पाहतो आणि मंडईतला भाजीवाला तुम्ही दोन डोळ्यांनी, कानांनी आणि गर्दीचे धक्के खात पाहता. म्हणून क्रम असा ठेवा : आधी जागेवर वीस मिनिटे रेखाटन करा, आणि निघताना हवा तर एक फोटो काढा, टोपलीची वीण किंवा तराजूची साखळी विसरू नये एवढ्यापुरता. फोटो आधी काढला की हात आळशी होतो. शिक्षकांचा राग बहुधा त्यासाठी असावा.

यंत्राच्या बाबतीत घाबरवणारी आणि धीर देणारी अशी बरीच भाषणे तुम्ही ऐकली असतील, त्यांत मी भर घालत नाही. देवनागरी अक्षरांची एक परीक्षा सुचवतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाच्या अक्षरांहून वेगळे असतात, आणि संगणकावरील कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणच आपोआप येते. ते मराठी पाटीवर लागते आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. यंत्राने बनवलेल्या पोस्टरवर तर अनेकदा जोडाक्षरेच मोडलेली दिसतात. हे ओळखणारा डोळा अक्षर हाताने गिरवल्यावाचून तयार होत नाही. संगणकावर वर्षानुवर्षे वापरला गेलेला ‘मंगल’ हा फॉन्ट ज्यांनी रेखला ते र. कृ. जोशी आधी सुलेखनकार होते. बोरूचा कोन कोठे बदलतो आणि जाड रेघ कोठे बारीक होते हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

तुमच्यासाठी कामही त्यातलेच आहे. एखाद्या दुपारी लक्ष्मी रस्त्याने निघा आणि आतल्या पेठांमधून अप्पा बळवंत चौकापर्यंत या. वाड्यांच्या दारांवर, जुन्या दुकानांवर आणि ‘येथे वाहने लावू नयेत’ छापाच्या सूचनांवर पेंटरने हाताने रंगवलेला ‘श’ जेथे दिसेल तेथे थांबून तो वहीत उतरवा : शेंडी कोठे सुटते, गाठ कशी पडते, ब्रश कोठे उचलला आहे. फ्लेक्सवरचे धरू नका. असे पंचवीस ‘श’ जमले, की त्या पानांची छायाप्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. माझ्याजवळ चाळीस वर्षांपूर्वी त्याच गल्ल्यांतून उतरवून आणलेले काही आहेत, ते शेजारी ठेवून पाहू.